मदत हवी आहे: पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात बायकांची रात्रीची सुरक्षा

पुण्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढल्यावर नदीकाठची वस्ती जवळच्या शाळेत हलवली आहे. मी तिथे मदतीला जाते. स्वच्छतागृह मैदानाच्या पार पलीकडे, वाटेत अंधार. रात्री एक बाहेरचा माणूस मुलींच्या मागे जातो, अशी कुजबुज आहे. तक्रार द्यायला कुणी तयार नाही. एक मावशी म्हणाल्या, "घर तर गेलंच ताई, आता अब्रूपण चव्हाट्यावर आणू?"

दाराला कडी नव्हती, ती बसवून घेतली. बायका-मुलांना वेगळा वर्ग मिळवला, दोघीदोघींनी जायचं ठरवलं. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेत, पण बऱ्याच जणींचे फोन पाण्यात गेले. दिव्याचं विचारलं की "उद्या बघू". सीसीटीव्ही सुचवू नका, लाइट सारखी जाते. खासगी गार्डला पैसे नाहीत, आणि अनोळखी पुरुष पहाऱ्याला बायकांनाच नकोत.

एखादी मुलगी पुढे आलीच, तर १८ वर्षांखालच्या प्रकरणात पोक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, हे माहीत आहे. अडलंय त्याआधीचं: कुणाचीही लेखी तक्रार नसताना दामिनी पथकाची (महिलांच्या सुरक्षेसाठीचं पोलीस पथक) रात्रीची फेरी मागता येते का? अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्यायचा की थेट भरोसा सेलकडे (पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष)? कुणी असा अर्ज केला असेल, तर त्यात नेमकं काय लिहिलं होतं?