आपल्याकडच्या बोअरमधलं तत्त्व तेलविहिरीत

एक प्रश्न नेहमी पडतो, की तेलविहीर खोदताना आतला दाब मुद्दाम कमी ठेवला तर ती उसळणार नाही का?

आमच्या निपाणी-चिकोडीकडं बोअर मारताना आठवा. कॉम्प्रेसरची हवा काळ्या दगडाची भुकटी वर फेकते, आणि पाणी लागलं की तेही लगेच उसळून येतं, कारण झऱ्याला दाबून धरणारं भोकात काहीच नसतं. अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंगचं, म्हणजे विहिरीतला दाब खडकातल्या दाबापेक्षा मुद्दाम कमी ठेवून खोदण्याचं, मूळ हेच.

नेहमीच्या पद्धतीत विहीर जड चिखलानं भरलेली असते. नुसत्या पाण्याचा 3000 मीटरचा स्तंभसुद्धा तळाशी सुमारे 300 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 300 पट दाब देतो. उपसून दाब उतरलेल्या जुन्या साठ्यात हा चिखल खडकात घुसतो, छिद्रं बुजवतो. असे थकलेले साठे वाढताहेत, म्हणून अंडरबॅलन्स्ड पद्धतही वाढतेय. द्रवात नायट्रोजन मिसळून किंवा फेस करून तो हलका करतात. साधी हवा तेल-वायूत मिसळली तर आतच पेट घेऊ शकते. वर येणारं तेल, वायू पाईपाभोवतीच्या फिरत्या सीलखालून सेपरेटरकडं, म्हणजे तेल-वायू वेगळे करणाऱ्या टाकीकडं वळवतात. विहीर उसळलीच तर तोंड बंद करणारा ब्लोआऊट प्रिव्हेंटर असतोच. म्हणजे विहीर वाहते, पण ताब्यात.

माझ्या मते खरी कसोटी पाईप जोडताना लागते. प्रवाह थांबतो, वायू-द्रव वेगळे होतात, दाब हलतो. क्षणभर जरी तो खडकाच्या दाबावर गेला, तरी भिंतीवर चिखलाची साय नसल्यानं द्रव थेट आत शिरतो आणि नेहमीपेक्षा जास्त नुकसान होतं. ढासळणाऱ्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या मातकट खडकात, तर हा मार्ग नकोच.