थंडीतला गळ : हिवाळी मासेमारीचे अनुभव

दिवाळी सरली की बरेच हौशी गळवाले काठ्या माळ्यावर टाकतात. ‘थंडीत मासा खात नाही’ असं काठावर हमखास ऐकू येतं. मासा थंडीतही खातो, पण थोडं खातो, उशिरा खातो आणि पारखून खातो. त्याचं अंग पाण्याइतकंच गार पडतं, पचन मंदावतं, म्हणून मोठा गोळा तो नुसता हुंगून सोडतो. शिवाय पावसाचा गाळ खाली बसलेला असतो, त्यामुळे श्रावणात खपून गेलेला जाड दोर आता त्याला लांबून दिसतो.

या पानावर जागोजागच्या गळवाल्यांचे हिवाळी अनुभव जमवतो आहोत. लिहाल ते नेमकं लिहा. पाणी कुठलं, वेळ, खोली, दोराची जाडी, गळाचा नंबर, आमिषाचं माप आणि काय बिघडतं. किती किलोचा लागला ते नको.

उजनी, भिगवणच्या बाजूचा काठ

इथे मुख्य मासा चिलापी. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की तिचं खाणं झपाट्याने कमी होतं आणि 16 च्या आसपास जवळजवळ थांबतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला जाऊन बसण्यात अर्थ नाही. रात्रभर गार झालेलं उथळ पाणी सोडून ती तीन-चार मीटर खोलीवर सरकलेली असते. साधारण अकरापासून चारपर्यंत ऊन खाल्लेल्या दगडी काठाला परत येते, तेव्हा दीड मीटर खोली पुरते.

तंगूस (नायलॉनचा दोर) 0.20 मिलिमीटर, फार तर 0.22. गळ 10 नंबरचा. (नवीन माणसांसाठी : नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.) बूच मोठं नको. मोरपिसाच्या देठाचा बारीक तरंगा घ्या आणि शिशाचे दाणे इतके लावा की त्याचं फक्त टोक पाण्यावर राहील. हिवाळ्यातला चावा म्हणजे बूच बुडणं नव्हे. तरंगा अर्धा सेंटिमीटर वर उचलला जातो किंवा बाजूला सरकतो, तेवढ्यावर मनगटाने हलका झटका द्यायचा. बूच पूर्ण बुडायची वाट पाहिली तर गळ रिकामा येतो.

पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं आहेत. अडकलेला दोर काठी वाकवून ओढू नका, काठीचं टोक मोडतं. काठी दोराच्या रेषेत सरळ धरा, हाताला फडकं गुंडाळून दोर ओढा. वरच्या मुख्य दोरापेक्षा गळाजवळचा हातभर दोर बारीक ठेवला तर तुटताना फक्त गळ जातो.

आणि धरणात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारा, मग बसा. त्यांच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नका, त्यांचं पोट त्यावर आहे.

कणकेबद्दल

वरच्या मांडणीला चालणारी कणीक : गव्हाचं पीठ 200 ग्रॅम, शेंगदाण्याच्या पेंडीची बारीक पूड 100 ग्रॅम, भाजलेलं बेसन 50 ग्रॅम, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या. कोमट पाणी चमच्या-चमच्याने घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. शेवटी चिमूटभर कापूस पिंजून त्यात मळून घ्या, म्हणजे गोळा गळावरून घसरत नाही. निघण्याआधी वाटाण्याएवढी गोळी ग्लासभर पाण्यात टाकून बघा. दहा-बारा मिनिटं टिकून मग कडा सुटायला लागल्या तर बरोबर. दोन मिनिटांत विरघळली तर पीठ वाढवा, अर्ध्या तासानेही दगडासारखी राहिली तर पेंड वाढवा.

थंडीतली नेहमीची चूक म्हणजे खोबरेल तेल किंवा तूप घालणं. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. गार पाण्यात गोळी कडक होते आणि वास आतच कोंडतो. तेल हवंच असेल तर शेंगदाण्याचं, चमचाभर.

मासे गोळा करायला पाण्यात टाकायचा चारा उन्हाळ्याच्या पावपट ठेवा. पोट लवकर भरतं, मग गळाकडे कोण बघणार?

मुळशी, पवना

डोंगरातल्या धरणांत काठ निवडणं आमिषाहून महत्त्वाचं. पूर्वेकडच्या डोंगराची सावली पूर्व काठावर उशिरापर्यंत राहते, म्हणून सकाळी पश्चिमेचा काठ धरा, दुपारनंतर उलट. रोहूसाठी 6 नंबरचा गळ, 0.25 चा दोर, आमिष तळाला टेकलेलं. गांडूळ या दिवसांत वरच्या मातीत मिळत नाही. गोठ्यामागच्या जुन्या शेणाच्या ढिगाखाली, ओल असेल तिथे हातभर खणा.

रायगडची खाडी

खाडीत तापमानापेक्षा भरतीचं गणित मोठं. पावसाचं गोडं पाणी ओसरून खारेपणा परत आलेला असतो आणि पाणी नितळतं. पालू, तांबोशी, काळुंदर या दिवसांत आतल्या दगडांना धरून असतात.

वेळ काढायची जुनी रीत : तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर 10 ची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे जुळतं. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, ते त्या जागेवरच्या माणसालाच विचारावं. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढाच वेळ खरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी संथ असतं, तेव्हा हलकं शिसं चालतं.

पहाटे मतलई वारा जमिनीकडून जोरात सुटतो. तो पाठीवर घेऊन टाकलं तर वीस ग्रॅमच्या शिशालाही अंतर मिळतं. दहा-अकराच्या पुढे वारा फिरला की तेच शिसं समोर पडतं.

मांडणी : मुख्य तंगूस 0.40, शिसं दोरावर मोकळं सरकणारं, खाली फिरकी (दोराला पीळ बसू न देणारी कडी), फिरकीपुढे 0.60 चा मीटरभर दोर. इथे दोर बारीक करायचा मोह आवरा. तांबोशी गरी (म्हणजे गळच) गिळताच दगडाकडे वळते आणि कालवांच्या धारेवर 0.30 चा दोर क्षणात जातो. गरी 1/0 (1 नंबराहून एक माप मोठी). आमिष जिवंत कोळंबी. डोळ्यांमागे जो काळसर ठिपका दिसतो त्याच्या पुढून, शिंगाच्या मुळाशी टोचा. ठिपक्यात टोचली की ती लगेच मरते. कोळंबीची बादली उन्हात ठेवू नका आणि खाडीचंच पाणी अर्ध्या तासाने बदला.

शिंगाळ्याबद्दल पुरवणी

त्याच मांडणीला शिंगाळा हमखास येतो. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचा एकेक असे तीन काटे विषारी, दातेरी. हाताने धरू नका. चिमट्याने गरी काढा, जमत नसेल तर दोर कापा. काटा लागलाच तर हाताला सोसेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरतात. काटा आत मोडला असेल तर दवाखाना.

मिनेसोटा, अमेरिका

इथे तळंच गोठतं, त्यामुळे आधी बर्फ, मग मासा. पायी जायला नवा, पारदर्शक बर्फ किमान 4 इंच हवा. पांढरा, बर्फवृष्टी मुरलेला बर्फ निम्म्या ताकदीचा, म्हणून दुप्पट जाडी धरा. दर चार पावलांवर टोकदार पहार मारून बघायचं. झरे, नाल्यांची तोंडं, पुलाखालची जागा यांच्या जवळ जाऊ नका. गळ्यात बर्फात रोवायच्या खिळ्यांची जोडी असू द्या. पाण्यात पडल्यावर काठावर चढायला तीच कामी येते.

पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तळाचं पाणी वरच्यापेक्षा उबदार. 6 ते 8 इंचांचं भोक पाडा, बर्फाचा चुरा झाऱ्याने काढा. यलो पर्च या माशासाठी 4 पाउंड ताण सोसणारा दोर, छोटा टंगस्टन जिग (धातूचा वजनदार मणी बसवलेला गळ), त्यावर मेणकिड्याची अळी. जिग तळावर दोन-तीनदा आपटून थोडा गाळ उडवा, मग फूटभर वर उचलून स्थिर धरा. चावा बहुतेक स्थिर असतानाच येतो. काठीच्या कड्यांत पाणी गोठून दोर अडकतो. कडं दाताने नको, बोटाच्या उबेने मोकळं करा.

तंबूत गॅसचा हीटर लावलात तर हवा यायला दोन झरोके उघडे ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 30 फुटांखालून ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, तो सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून मासे सोडायचे असतील तर उथळ जागीच भोक पाडा. उणे 20 मध्ये सोडायचा मासा हवेत धरून फोटो काढू नका, डोळे आणि कल्ले गोठतात.

मरळवाल्यांसाठी

मरळ हवा घ्यायला वर येते, पण गारठ्यात तिला हवा कमी लागते, म्हणून दोन बुडबुड्यांमधलं अंतर बरंच वाढतं. एकदा तोंड दिसलं की जागा सोडू नका. दुपारी एकनंतर, पाणवनस्पतीच्या कडेला, जिवंत आमिष नको असेल तर रबरी बेडूक. उन्हाळ्यासारखा भरभर ओढू नका. हातभर ओढून पाच-सहा सेकंद थांबवा. पाणी उसळल्यावर लगेच झटका दिला तर तोंडातून निसटतो. दोर ताणला गेल्याचं हाताला कळेपर्यंत थांबा.