महाधमनीची तातडीची शस्त्रक्रिया: वयाचा आकडा ऐकून नकार द्यावा का?

शंकासुर
टाइप ए डिसेक्शनमध्ये हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीत शिरतं. शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या ४८ तासांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. आयराड या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या अलीकडच्या आकड्यांत ते प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्यावर आलंय, पण घाई तीच. तरी असा रुग्ण आल्याचा फोन सर्जनला गेला की पहिला प्रश्न असतो, "वय किती?" माझ्या मते तो पाचवा असावा. रुग्ण टेबलावर कुठल्या अवस्थेत येतो, त्यावर सगळं ठरतं: बीपी कोसळलंय का, हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जातंय का (टॅम्पोनाड), मेंदूला किंवा आतड्यांना रक्त पोचतंय का. अशा रुग्णांची जोखीम ठरवणारं पेन वर्गीकरण वय विचारतच नाही. एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटलाय, की सगळं अभिसरणच ढासळलंय, की दोन्ही, एवढंच बघतं.

बधिरकार
साफ असहमत. वर्गीकरण वय विचारत नाही, शरीर विचारतं. हार्ट-लंग मशीनवर तासन्‌तास, शरीर थंड करून अभिसरण काही काळ बंद, वर रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या. पन्नाशीतली किडनी यातून सावरते, पंच्याऐंशीतली बहुतेकदा डायलिसिस मागते. टाके घालून झाले की सर्जन हात धुतात, पुढचे तीन आठवडे आयसीयूत आम्ही असतो. (हे जरा कडू झालं, पण असू दे.)

रात्रपाळी
@बधिरकार, मग आकडेच बघू. आयराडच्या २०१०च्या अहवालात ८० ते ९० वयोगटात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के दगावले, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के.

बधिरकार
रुग्ण थोडे होते आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, हेही लिहा की! शिवाय टेबलावर कोणाला घेतलं? जे ऐंशीतही खणखणीत होते त्यांना. बाकीचे औषधांच्या गटात. अशी निवड झाल्यावर शस्त्रक्रिया चांगली दिसणारच.

शंकासुर
हे मान्य. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. त्यांना निवडलं ते खणखणीत होते म्हणून. म्हणजे बघायचा तो जोम, जन्मतारीख नव्हे.

रात्रपाळी
पोटातली महाधमनी फुटते तेव्हाही हाच वाद. अशा रुग्णांची जोखीम मोजणारा १९९६चा हार्डमन निर्देशांक पाच गोष्टी मोजतो: ७६ पेक्षा जास्त वय, वाढलेलं क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण), ९ च्या खाली हिमोग्लोबिन, ईसीजीत इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण), बेशुद्धी. ज्या रुग्णांवरून तो बनवला त्यांत यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी असलेलं कोणीच वाचलं नव्हतं. पुढे इतर ठिकाणी तसे रुग्ण वाचले. एका ठिकाणचा स्कोअर दुसरीकडे फाशीचा हुकूम म्हणून वापरू नये.

अवांतरवीर
मायकेल डिबेकींना विसरलात? महाधमनीच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांतले ते एक. ९७व्या वर्षी स्वतःलाच डिसेक्शन झालं. २००६ मध्ये ह्यूस्टनमध्ये शस्त्रक्रिया झाली, २००८ पर्यंत जगले.

बधिरकार
आणि नंतर कित्येक महिने रुग्णालयात होते, तेही सोडू नका. आधी त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेला नकार दिला होता. त्यांच्याभोवती जी टीम होती ती किती जणांना मिळते? जिथे ही शस्त्रक्रिया नेहमी होते तिथे मृत्यू कमी होतात. वयावर वाद घालण्यापेक्षा रुग्ण कुठे पाठवायचा ते आधी ठरवा.

रात्रपाळी
पाठवण्यात वेळ जातो आणि टॅम्पोनाड वाटेत थांबत नाही. तरी या एका बाबतीत +१.

शंकासुर
मला खरा प्रश्न आतड्यांचा रक्तपुरवठा तुटलेल्या डिसेक्शनचा वाटतो. साठीचा रुग्ण, पोटात असह्य कळा, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची खूण) चढतंय. जोखीम ऐंशीच्या स्थिर रुग्णापेक्षा कितीतरी जास्त, पण वय कमी म्हणून कोणी मागेपुढे पाहत नाही. मिशिगनमधली टीम अशा वेळी आधी कॅथेटरने आतड्यांचा रक्तपुरवठा सुरू करते आणि रुग्ण सावरल्यावर छाती उघडते.

बधिरकार
आणि त्या मधल्या काळात महाधमनी फुटली तर? नातेवाइकांना काय सांगणार, थांबलो म्हणून गेले? मी आधी छातीच उघडायला सांगेन. मात्र लॅक्टेट दर तासाला चढतच असेल आणि पोट कडक झालं असेल, तर वय ४५ असलं तरी टेबलावर घेण्याआधी मी दहा मिनिटं घरच्यांशी बोलेन.