दादाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, बडोद्यात शिकणारी पुतणी आपोआप नागरिक होते का?

दांडियाबाजार_३: दादाने मार्चमध्ये शपथ घेतली. वहिनी ग्रीन कार्डावर आहे. पुतणीकडेही ग्रीन कार्ड आहे, पण अकरावी-बारावीसाठी ती दहा महिन्यांपासून इथे आजी-आजोबांकडे राहते. जानेवारीत 18 पूर्ण होतील. दादा म्हणतो, ती नागरिक झालीच. एन-600 (नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटचा अर्ज) भरून टाकायचा का?

रावपुरा: नाही ताई, अजून झालेली नाही. 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्यात, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 320 मध्ये, सगळ्या अटी 18 पूर्ण व्हायच्या आत एकाच वेळी जुळाव्या लागतात: आई किंवा वडील नागरिक, मुलीकडे ग्रीन कार्ड, आणि नागरिक पालकाच्या कायदेशीर व प्रत्यक्ष ताब्यात तिचं अमेरिकेत *राहणं*. क्रम कुठलाही चालतो. तुमच्याकडे शेवटची अट अडली आहे. सुट्टीत महिनाभर जाऊन आली तर ती भेट धरतात, राहणं नव्हे. आत्ता एन-600 भरलात तर फी जाईल आणि नकार येईल. ती तिथे राहायला गेली की अट जुळेल त्याच दिवशी नागरिक होईल, शपथही लागणार नाही.

दांडियाबाजार_३: बारावीची परीक्षा देऊन गेली तर?

रावपुरा: बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिला 18 वर्षं जानेवारीतच पूर्ण होतात. दार बंद झालेलं असेल. मग ग्रीन कार्डावर 5 वर्षं काढून स्वतःचा एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरावा लागेल. शिवाय बाहेर सलग वर्ष उलटलं की नुसत्या ग्रीन कार्डावर प्रवेश मिळत नाही. त्यासाठीच्या री-एंट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो, इथून होत नाही. म्हणून निर्णय जूनच्या आत घ्या. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी कलम 322 चा एन-600के आहे, पण त्यात मुलाखतीला अमेरिकेत जावं लागतं आणि शपथेपर्यंत सगळं 18 च्या आत संपावं लागतं. हातातल्या महिन्यांत त्यावर विसंबू नका.

मकरपुरा: गेल्यावर तिथल्या शाळेचा प्रवेश, डॉक्टरची नोंद, दादाच्या घराचा भाडेकरार जपून ठेवा. अमेरिकी पासपोर्टच्या डीएस-11 अर्जासोबत दादाचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, तिचं ग्रीन कार्ड, जन्मदाखला. आपल्याकडे घोळ जन्मदाखल्यातच होतो: वडिलांच्या नावाला 'भाई' जोडलेलं आणि अमेरिकेच्या कागदावर नुसतं नाव. महानगरपालिकेतून दुरुस्ती आत्ताच करून घ्या. दाखला फक्त गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. पासपोर्ट आला तरी एन-600 भराच. त्याचं सर्टिफिकेट कालबाह्य होत नाही, आणि तो अर्ज 18 नंतरही चालतो.

प्रतापनगर: भारताची बाजूही बघा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ती अमेरिकी नागरिक झाली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो सरेंडर करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) काढायचं, नाहीतर बडोद्याला यायला व्हिसा लागेल. आणि तिला इथे मेडिकल किंवा इंजिनिअरिंग करायचं असेल तर हे आधी घरात बोला: 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर ओसीआय घेणाऱ्यांना नीट-जेईईमध्ये फक्त एनआरआय किंवा सुपरन्यूमररी (ठरलेल्या संख्येपेक्षा जादा) जागा मिळतात, भारतीय नागरिकांसाठीच्या नाहीत.