मदत हवी आहे: एसटीनं घरी जाणाऱ्या मुलांनाही येता येईल असा अ‍ॅनिमे क्लब कसा चालवावा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एस.वाय. बीएस्सीला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही पाच जणांनी कॉलेजात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचा, क्लब सुरू केला. प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला, फिजिक्सच्या सरांनी प्रभारी म्हणून सही केली आणि दर शनिवारी तीन वाजता सेमिनार हॉल मिळाला. "कार्टूनसाठी हॉल कशाला?" असं आधी विचारलं गेलं, पण जपानी भाषा-संस्कृतीची ओळख हा मुद्दा अर्जात घातल्यावर काम झालं. अडलंय ते त्याच्या पुढं.

पहिल्या शनिवारी चाळीसेक मुलं आली. 'स्पिरिटेड अवे' लावला. दिग्दर्शक मियाझाकींचा, २००१चा, ऑस्कर मिळालेला. नवख्यांना दाखवायला याहून चांगलं काय असणार, असं वाटलं. पण तो १२५ मिनिटांचा. चार-दहाला मागच्या दोन रांगांत बॅगांच्या चेनी वाजायला लागल्या. कागल, गारगोटी, पन्हाळ्याकडची मुलं ती. केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, स्टँड गाठायचा, तिथून गावाची एसटी. ती चुकली की घरी पोचेपर्यंत अंधार. आम्ही पाचही जण राजारामपुरी-शाहूपुरीतले, गाडीवर दहा मिनिटांत घरी. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एफ.वाय.ची एक मुलगी पडद्याकडं बघत, मागं मागं चालत दारापर्यंत गेली. सोमवारी कॅन्टीनपाशी तिनं मला गाठलं. "ताई, सिनेमातल्या त्या मुलीचे डुकरं झालेले आईबाबा परत माणसं झाले का?" मी सांगितलं, पण सांगताना वाईट वाटलं. हे तिनं पडद्यावर बघायला हवं होतं. मग तिनं जर्नलचं मागचं कोरं पान उघडलं. पेन्सिलनं काढलेला नो-फेस, म्हणजे सिनेमातलं ते मुखवटेवालं भूत, मुखवट्यावरच्या डोळ्यांखालच्या खुणांसकट. एकदाच, तेही अर्धवट बघून!

पाचव्या शनिवारी अकरा जण उरले, सगळे शहरातले. बाकीचे सभासद म्हणतात, ज्यांना थांबता येतं त्यांच्यासाठी चालू दे, मोठी सिरीज लावू. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरी वायफाय आहे ते कुठंही बघतील. हॉलची खरी गरज एसटीवाल्यांना आहे.

तर वेळ कशी बसवावी? छोटं पण भारी असं काय दाखवता येईल? इंग्रजी सबटायटल बऱ्याच जणांना झेपत नाहीत, मग हिंदी डबच लावावं का? आणि कॉपीराइटचं काय, हे सरांनी विचारलंय. त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद:

इंजिनीअरिंगला असताना तीन वर्षं असा क्लब चालवलाय. आधी कॉपीराइट. १९५७च्या कायद्याचं कलम ५२ सरांना दाखव. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवायला त्यात सूट आहे, पण प्रेक्षक कॉलेजचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि उपक्रमाशी संबंधित लोक एवढेच हवेत. म्हणजे बाहेरच्या मित्रांना बोलवायचं नाही, तिकीटही लावू नका. स्ट्रीमिंगच्या खात्याची गोष्ट वेगळी: ते वैयक्तिक वापरापुरतं, असं त्यांच्या अटींतच असतं. आम्ही वर्गणी काढून डिस्क विकत आणायचो.

वेळेचं म्हणशील तर सिरीजचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. दोन भाग आणि दहा मिनिटं गप्पा, तासात आटोपतं. सुरुवातीला दिग्दर्शक माकोतो शिंकाईंचा 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' लाव. २००२चा, फक्त २५ मिनिटांचा. अवकाशात गेलेली मुलगी आणि पृथ्वीवर राहिलेला मुलगा, मोबाइलवरचा मेसेज पोचायला वर्षं लागतात. जवळजवळ सगळं काम त्या माणसानं एकट्यानं घरच्या कॉम्प्युटरवर केलंय. चित्रं काढणाऱ्या तुझ्या त्या मुलीला हे जरूर सांग. मियाझाकींचाच 'तोतोरो' ८६ मिनिटांचा आहे, दोन शनिवारांत मधोमध तोडता येतो.

सबटायटलसाठी आम्ही पात्रांची नावं आणि नाती आधी फळ्यावर लिहायचो. निम्मा गोंधळ नावांचाच असतो.

प्रतिसाद:

शनिवारी प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं? त्याला लागूनच ठेव की, डबा खात बघतील पोरं. आणि पोस्टर प्रिंट नको काढूस, त्या पोरीकडनंच रंगवून घे. बाबूराव पेंटरांचं गाव हे, सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवायचे ते. लई भारी दिसंल बघ.

धागाकर्ती:

खूप आभार दोघांचे. प्रॅक्टिकल साडेबाराला सुटतं, डब्याचं सुचलंच नव्हतं! सरांना कलम दाखवलं, पाऊणचा हॉल मिळाला. २५ मिनिटांचाच लावतेय. पोस्टरचं तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, काळा आणि निळा रंग लागंल, आणि मोठा कागद." आज महाद्वार रोडवरून दोन्ही आणलेत. हिंदी डबचं मात्र अजून ठरत नाहीये. कुणी दोन्ही दाखवून बघितलंय का?