जुन्या इंजनाले सिलिकॉन का पॅकिंग? माझं मत: सिलिकॉन नकोच

जुनंइंजिन_आर्वी
राजेहो, आपल्याकडं जुनं इंजिन खोललं की जोडताना एकच चालू आहे, दोन भागांमधली गळती रोखणारं पॅकिंग असो नसो, सिलिकॉनची, म्हणजे रबरासारख्या सुकणाऱ्या सीलंटची, ट्यूब पिळायची आणि बोल्ट कसून द्यायचे. बुलेट असो की विहिरीवरचं पाच हॉर्सचं इंजिन, सगळ्याले तेच औषध. हे बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीनं जिथं कागद दिला तिथं कागद, जिथं तांबं दिलं तिथं तांबं, आन जिथं काहीच नाही तिथं न सुकणारं कंपाउंड, तेही बोटानं पुसल्यासारखं पातळ.

जुनी लोखंडी इंजनाची ३४६ सीसी बुलेट घ्या. क्रँककेसच्या, म्हणजे इंजनाच्या खालच्या डब्याच्या, दोन भागांमधात पॅकिंग नसतंच, नुसतं कंपाउंड. पण टायमिंग कव्हरले, म्हणजे बाजूच्या गिअरांवरच्या झाकणाले, कागद असतो आणि त्याच कव्हरमधून ऑइलचे रस्ते गेले आहेत, तिथूनच ऑइल क्रँकमधे शिरून बिगएंडले, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगले, पोचतं. तिथं जाड सिलिकॉन लावलं तर कसताना जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही दबून निघतं. बाहेरचं फडक्यानं पुसता येतं, आतलं तसंच ऑइलमधे लोंबत राहतं, मंग कधीतरी तुटून जाळीवर नाहीतर भोकात जाऊन बसतं. बिगएंड जळतं आणि दोष पार्टवर जातो.

मिस्त्री_दारव्हा
भाऊ तुमचं म्हणणं नव्या फेसवर, म्हणजे जोडाच्या सपाट तोंडावर, बरोबर आहे. माह्याकडं जे इंजिन येते त्याच्या फेसवर पेचकस ठोकून ठोकून खड्डे पडून रायले, कव्हर वाकडं, बोल्टाच्या भोकाभवती धातू वर आलेला. तिथं कागदाचं पॅकिंग काय करन? ऑइल खड्ड्यातून वाट काढतेच. सिलिकॉन तो खड्डा भरते. आन लावायची पद्धत असते, सुतासारखी एक रेघ, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, जागा आधी पेट्रोलनं कोरडी साफ, मंग हलकं बसवाचं, थोडी साय धरू द्याची आन मंग कसाचं, ऑइल दुसऱ्या दिवशी. जो अर्धी ट्यूब पिळते त्याची चूक तुम्ही मालावर कायले टाकता?

जुनंइंजिन_आर्वी
मिस्त्री, रेघ सुतासारखी लावणारे तुमच्यासारखे कमी आहेत म्हणूनच बोलतो आहे. आणि फेस खराब आहे तर फेस सुधरवा ना. जाड काच घ्या, तिच्यावर एमरी पेपर, थोडं ऑइल, कव्हर आठच्या आकड्यासारखं फिरवा, उंच जागा चमकतात त्या दिसतात. भोकाभवती उठलेला धातू मोठ्या ड्रिलनं हातानंच हलका कापता येतो. पॅकिंग भेटत नाही म्हणता, पॅकिंग पेपरचा ताव तर तालुक्याले भेटतो, कव्हरवर ठेवून बॉलपीन हातोडीनं काठावर हळू ठोकत गेलं की भोकासकट कापून निघतो. फक्त ऑइलचं एकही भोक सुटलं नाही पाहिजे, ते दोनदा पाहा.

दुसरं, बुलेट गळते तेव्हा आधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, पाहा. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा बाहेर गेली पाहिजे, ब्रीदरचं रबर कडक झालं, पाइप चोंदला, नाहीतर रिंगा घासून गॅस खाली येऊ लागला, तर आत दाब चढतो आणि ऑइल प्रत्येक जॉइंटातून बाहेर येतं. अशा वेळी कितीही चांगला सीलंट लावा, एक जॉइंट बंद केला की दुसरा गळतो.

राजदूतवाला_गोंदिया
दोघंही फोरस्ट्रोकचंच बोलून रायले. राजदूत, जुन्या येझदीसारख्या टूस्ट्रोकमधे क्रँककेसमधून पेट्रोल-ऑइलचं मिक्स्चर जातं, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलमधे फुगतं, मऊ पडतं, सोलून निघतं. जॉइंटातून हवा ओढली की मिक्स्चर पातळ होतं, गाडी आयडलले (उभी असताना) आपोआप चढते, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात पिस्टन अडकून धरतो. म्हणून टूस्ट्रोकले सिलिकॉन नाही, यावर मी आर्वीवाल्या भाऊंसंग.

पण न सुकणारं कंपाउंडच पाहिजे, हे मले पटत नाही. मी शेलॅक लावतो. आपल्याच गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळस-कुसुमावर जी लाख होते तिचाच तो माल, स्पिरिटमधे विरघळतो, पेट्रोल-ऑइलले दाद देत नाही. कागदाले दोन्ही बाजूनं पातळ हात. पुढच्या खेपेले खोलताना खरवडावं लागतं, मान्य, पण स्पिरिटनं भिजवलं की निघतं. अन बोअरच्या (सिलिंडरच्या) खालचं पॅकिंग मोजून घ्या, जाड टाकलं की बोअर वर उचलला जातो, पोर्टचं, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसच्या खिडक्यांचं, टायमिंगच बदलतं, कॉम्प्रेशनही पडतं.

संत्रावाला_मोर्शी
तुमचं सगळं खरं असन पण आमची अडचण वेगळी आहे. आंबिया बहाराची फळं झाडावर, उन्हाळा, लाइनीचा भरवसा नाही, म्हणून विहिरीवर जुनं डिझेल इंजिन ठेवलं. ते गळलं तर मी काचेवर कव्हर घासत बसू का फळगळ पाहू? मिस्त्री येते, सिलिकॉन लावते, पाणी चालू होते. मले तर तेच पटते. एक विचारतो, मागं एका कारागिरानं हेडले डबल पॅकिंग टाकलं, तवापासून सकाळी हँडल मारून मारून जीव जाते, ते त्याच्यानंच का?

जुनंइंजिन_आर्वी
दादा, त्याच्यानंच. किर्लोस्कर एव्ही-१ चा हिशेब मांडतो. बोअरचा व्यास ८० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ११० मिमी, म्हणजे ५५३ सीसी, कॉम्प्रेशन १६.५ ला १. पिस्टन पूर्ण वर गेल्यावर उरते जेमतेम ३६ सीसी जागा. पॅकिंग नुसतं अर्धा मिमी जाड झालं तरी तिथं अडीच सीसी वाढते, कॉम्प्रेशन १५.५ वर येतं. डिझेल हवेच्या गरमीनंच पेटतं, आणि थंड इंजनात हे कमी पडलेलं लगेच जाणवतं. एकच पॅकिंग, बरोबर जाडीचं टाका, आणि हेड बसवायच्या आधी शिशाची तार पिस्टनवर ठेवून क्लिअरन्स दाबून मोजायला सांगा. पाण्याची घाई मले समजते, पण हे काम बहार धरायच्या आधी, इंजिन रिकामं असतानाच करून घेतलं पाहिजे.

मिस्त्री_दारव्हा
हेडले सिलिकॉन मी बी लावत नाही, तिथं ते जळूनच जाते. तांब्याचं पॅकिंग असन तर लाल करून पाण्यात टाकतो, नरम पडते, परत बसते. टायमिंग कव्हरचंही तुमचं ऐकलं, ऑइलचे रस्ते आहेत तिथं यापुढं कागदच. पण संप (खालचं ऑइलचं भांडं) आन टॅपेट कव्हरले (व्हॉल्व्हच्या झाकणाले) मी सिलिकॉनच लावन, तिथं पत्रा वाकडा असते आन दाब नसते, कागद दोन महिन्यात गळते.

जुनंइंजिन_आर्वी
टॅपेट कव्हरले लावा, माझी हरकत नाही. संपले नको, ऑइल ओढायची जाळी तिथंच असते, पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर सरळ करून कॉर्कचं पॅकिंग टाका. आणि सगळ्यांले एक, जुन्या हेड पॅकिंगमधे अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडू नका, ग्राइंडरले वायर ब्रश लावून तर मुळीच नाही. ओलं करून काढा, पोराले जवळ बसवू नका, ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही.