मदत हवी आहे : इंग्रजीतला स्वल्पविराम कुठे द्यायचा?

नमस्कार दादा-ताईंनो. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या शेतकरी गटाचा तुरीचा पत्रव्यवहार मी बघते. व्यापाऱ्यांना इंग्रजीत मेल पाठवावे लागतात. शब्द जमतात, पण विरामचिन्हांपाशी हात थांबतो.

मराठीत आपण सहज लिहितो, "पाऊस आला, सोयाबीन भिजलं." तसंच इंग्रजीत लिहिलं तर चूक धरतात, हे मला परवा कळलं. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत म्हणे. पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड', 'बट' असा शब्द हवा. आणि आपण 'की' नंतर स्वल्पविराम देतो, तर तिकडे 'दॅट'च्या पुढे-मागे तो सहसा नसतो. माझ्या प्रत्येक मेलमध्ये हीच चूक होती. फार वाईट वाटलं.

खरं तर ही चिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच आली, मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकारांनी ती रुजवली. तरी नियम इतके वेगळे!

सगळ्यात जास्त अडते ते 'फार्मर्स'पाशी. एका शेतकऱ्याची तूर असेल तर वरचा स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) 'एस'च्या आधी, अनेकांची असेल तर नंतर, एवढं समजलं. पण 'इट्स'मध्ये 'त्याचं' म्हणताना तो का नसतो? घाईत हमखास चुकते.

रोज संध्याकाळी अर्धा तास देऊ शकते. सराव कशानं करू? कोणी माझे दोन-तीन जुने मेल तपासून द्याल का?